मधल्या किमतीची रायफल: सरावाला चालते, घराचं काय?

मी डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो. रविवारी सकाळी रेंजवर जाणारा माणूस अशी आमच्या मराठी मंडळात माझी ओळख झालेली आहे, त्यामुळे गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत कोणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतंच, "सात-आठशे डॉलरची ती एआर घेतली तर चालेल का हो? की घ्यायची तर दोन हजारांचीच?" आजचं बोलणं या प्रश्नावर आहे. उत्तराचा पहिला भाग सोपा आहे: रायफल म्हणून ती चालते. दुसरा भाग दुकानदार सांगत नाही, म्हणून त्याला जास्त वेळ देणार आहे.

इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबादकडून ऐकणाऱ्यांसाठी आधी एक खुलासा. आपल्या मनात खेळाची रायफल म्हणजे स्वप्निल कुसाळेच्या हातातली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये त्याने कांस्यपदक मिळवलं. त्याच्या आधी, २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली होती. त्या रायफलीत एका वेळी एकच काडतूस भरतात, पॉइंट टू टूचं. मी ज्या रायफलीबद्दल बोलतोय तिच्या गोळीचा व्यास जवळपास तेवढाच आहे, म्हणून कागदावर दोन्ही भावंडं वाटतात. पण ऑलिंपिकची गोळी अडीच ग्रॅमच्या थोडी वर, वेग सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास. इथली गोळी साडेतीन ग्रॅमची आणि वेग सेकंदाला ९०० मीटरच्या वर. ऊर्जेचा हिशेब केला तर दहापट किंवा जास्तच. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते, रिकामं काडतूस आपोआप बाहेर पडतं, नवीन आत जातं, आणि पुढच्या गोळीसाठी चाप पुन्हा ओढावा लागतो. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एवढंच. चाप दाबून धरला तर गोळ्यांची सर सुटत नाही. ती फुली ऑटोमॅटिक, आणि ती या दुकानात अशी मिळत नाही.

एआर म्हणजे 'असॉल्ट रायफल' नव्हे. ती आर्मालाइट नावाच्या कंपनीची अक्षरं आहेत. यूजीन स्टोनर या अभियंत्याने तिथे पन्नासच्या दशकात हा आराखडा केला, १९५९ मध्ये हक्क कोल्ट कंपनीकडे गेले, १९६४ पासून नागरिकांसाठीची आवृत्ती विकायला आली. १९७७ मध्ये मूळ पेटंट संपलं, आणि मग ज्याच्याकडे बऱ्यापैकी यंत्रशाळा आहे तो ही रायफल बनवू लागला. आज ती मधल्या किमतीत मिळते त्याचं कारण हेच. 'मॉडर्न स्पोर्टिंग रायफल' हे नाव बंदूक उद्योगाने रूढ केलं, 'असॉल्ट वेपन' हे नाव बंदी मागणाऱ्यांच्या तोंडी असतं. मी आपलं रायफल म्हणतो.

आणि एक गोष्ट टाळून पुढे जाणं मला जमणार नाही. ६ मे २०२३ ला आमच्या शेजारच्या ॲलन गावातल्या मॉलमध्ये एका माणसाने आठ जणांना मारलं, ते याच जातीच्या रायफलीने. त्यात भारतातून आलेली एक तरुणीही होती. त्या मॉलमध्ये आम्ही सगळेच बूट आणि बॅगा घ्यायला जातो. मग तरीही लोक मला रायफल का विचारतात? तर उलट्या बाजूचं भयही खरं आहे. भारतीय घरात सोनं असतं हे चोरांनाही कळलेलं आहे. २०११ ते २०१४ या काळात मिशिगन, टेक्सास, जॉर्जिया, न्यू यॉर्क अशा राज्यांत आशियाई कुटुंबं हेरून घरात घुसणारी एक टोळी होती. तिच्या सूत्रधार बाईला २०१९ मध्ये मिशिगनच्या संघीय न्यायालयाने ३७ वर्षांची शिक्षा दिली. त्या टोळीने घरातल्या माणसांना, मुलांनासुद्धा, बांधून ठेवल्याचं खटल्यात आलं. तेव्हा विचारणारा माणूस खुळा नसतो. त्याला घराची काळजी असते.

दुकानात जाण्याआधी स्वतःचा व्हिसा बघा. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर संघीय कायद्याने तुम्हाला बंदूक बाळगता येत नाही. राज्याचा वैध शिकारीचा परवाना असणं असे मोजके अपवाद आहेत, पण त्या फटीतून जाण्याआधी वकिलाला पैसे द्या. ग्रीन कार्ड असेल तर घेता येते. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, त्यावर पार्श्वभूमी तपासली जाते आणि खोटं उत्तर हा गंभीर गुन्हा आहे. गांजाचा प्रश्नही त्यात आहे. तुमच्या राज्यात तो कायदेशीर असला तरी संघीय कायद्यापुढे ते चालत नाही. शिवाय कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, वॉशिंग्टन अशा राज्यांत मी सांगतोय ती रायफल या रूपात विकत मिळणारच नाही. आमच्या टेक्साससारखं सगळीकडे नाही.

आता रायफलकडे येऊ. मधली किंमत म्हणजे साधारण सातशे ते हजार-बाराशे डॉलर. उदाहरण म्हणून स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५ स्पोर्ट टू घेतो, कारण माझ्या ओळखीत सर्वाधिक हीच आहे आणि सेकंडहँडही भरपूर मिळते. तिची पुढची आवृत्ती स्पोर्ट थ्री आता दुकानात असते. रुगरची एआर-५५६ ही त्याच वर्गातली. स्पोर्ट टू साडेसहा पाउंडांच्या आत, म्हणजे तीन किलोपेक्षा थोडी कमी. नळी १६ इंच. सोळाच का? १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टप्रमाणे त्याहून आखूड नळीची रायफल वेगळ्या नोंदणीत जाते, म्हणून सगळे १६ वर थांबतात.

नळीच्या आतल्या आट्यांचा पीळ बघायचा असतो. स्पोर्ट टूचा एकास नऊ, म्हणजे नऊ इंचांत गोळी एक पूर्ण फेरा घेते. ५५ आणि ६२ ग्रेनच्या नेहमीच्या गोळ्यांना हा पीळ उत्तम. ७७ ग्रेनची लांब, जड गोळी वापरायची असेल तर एकास आठ किंवा एकास सात हवा. रुगरचा एकास आठ आहे, स्पोर्ट थ्रीचाही. शंभर यार्डांच्या रेंजवर सराव करणाऱ्याला या फरकाने काही बिघडत नाही. चेंबरवर ५.५६ नाटो लिहिलेलं आहे याची मात्र खात्री करा. अशा चेंबरमध्ये पॉइंट टू टू थ्री रेमिंग्टनचं काडतूस चालतं. उलटं करू नये. दिसायला दोन्ही काडतुसं सारखीच, पण दाबाचं गणित वेगळं.

स्पोर्ट टूची गॅस नळी कार्बाइन लांबीची, स्पोर्ट थ्रीची मिड-लेंग्थ. बार उडाल्यावर नळीतला थोडा वायू मागे येऊन बोल्ट ढकलतो. तो वायू नळीवर जितक्या पुढून घेतला तितका धक्का मऊ. कार्बाइन लांबीची रायफल जरा झटका देते, एवढंच. माझ्या साठीतल्या मावसभावाने दोन्ही पाठोपाठ चालवल्या आणि फरक लगेच ओळखला. पण त्यासाठी शंभर डॉलर जास्त द्यायचे का, असं विचारल्यावर तो गप्प बसला.

दुकानात मी स्वतः काय बघतो ते सांगतो. आधी दुकानदाराला रायफल रिकामी करून दाखवायला सांगायचं, मग स्वतः चेंबरमध्ये डोळ्याने आणि बोटाने तपासायचं. मग बोल्ट कॅरियर बाहेर काढायला सांगायचा. त्याच्या डोक्यावर गॅस की नावाची छोटी नळी दोन स्क्रूंनी बसवलेली असते. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये नट सुटू नये म्हणून कडेला पंच मारतात, तसा त्या स्क्रूंच्या कडेला धातू दाबलेला हवा. तो नसेल तर काही शे गोळ्यांनंतर स्क्रू ढिले होतात, वायू गळतो आणि रायफल प्रत्येक बारानंतर अडायला लागते. दस्त्याच्या मुळाशी जो मोठा नट असतो त्यालाही तसाच पंच हवा. या दोन खुणा ठीक असतील तर कारखान्यात निदान कोणीतरी लक्ष देऊन काम केलंय असं मी समजतो. रंग, कोरीव अक्षरं, पिस्तूल ग्रिपचा पोत याकडे मी बघत नाही. चाप या किमतीत जडच असतो, सहा-सात पाउंडांचा आणि थोडा खरखरीत. तो बदलायची घाई करू नका. जड चापावर शिकलेला हात हलक्यावर आपोआप चांगला चालतो.

स्पोर्ट टू मी चार महिने नीट चालवली, हजाराच्या वर गोळ्या. स्वस्त ५५ ग्रेनच्या काडतुसांनी शंभर यार्डांवर पाच गोळ्यांचा घोळका साधारण तीन इंचांत, चांगल्या काडतुसांनी दोनच्या आसपास. मधल्या वर्गाच्या रायफलीकडून एवढीच अपेक्षा ठेवावी आणि एवढी पूर्ण होते. दोनदा अडली, दोन्ही वेळा एकाच स्वस्त मॅगझीनमुळे. ती मॅगझीन मी फेकून दिली. तेल मात्र सढळ हाताने घाला. कोरडी रायफल आणि कोरडी भाकरी, दोन्ही घशात अडकतात.

इथपर्यंत हिशेब दुकानदाराच्या बाजूचा झाला. आता घराचा.

इथली घरं लाकडी सांगाड्याची. आतल्या भिंती म्हणजे दोन बाजूंना अर्ध्या अर्ध्या इंचाच्या जिप्समच्या पाट्या, मधे पोकळी. आपल्या विटांच्या भिंतींची सवय असलेल्या माणसाला हे पटकन लक्षात येत नाही. माणसाला थांबवू शकणारी कोणतीही गोळी ही भिंत पार करते, मग ती पिस्तुलाची असो, शॉटगनच्या मोठ्या छऱ्याची असो की रायफलीची. हलकी, फुटणारी गोळी वाटेत लवकर मोडते हे खरं, पण भिंतीपलीकडे मुलीचा पलंग असेल तर 'लवकर मोडते' या शब्दांवर मी झोपणार नाही. म्हणून रायफल घेण्याआधी कागदावर घराचा नकाशा काढा. कोण कुठे झोपतं, दार कुठे, कोणत्या दिशेला नेम धरला तर मागे कोणी नाही. माझ्या एका मित्राच्या टाउनहाऊसमध्ये अशी एकही दिशा निघाली नाही, दोन्ही बाजूंना शेजारी. त्याने रायफल घेतली नाही. दारांना मजबूत पट्ट्या आणि लांब स्क्रू बसवले, अलार्म घेतला, सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं. माझ्या मते त्याने सगळ्यात चांगली खरेदी केली.

आवाज हा दुसरा मुद्दा. या रायफलीचा बार १६० डेसिबलच्या आसपास जातो. एकदाच होणाऱ्या आवाजाला १४० ही धोक्याची रेघ मानतात. बंद खोलीत, कानावर काही नसताना एक बार म्हणजे त्या क्षणी तुम्ही जवळपास बहिरे, आणि त्यातला काही बहिरेपणा कायमचा. अंधारात बायको ओरडून काय सांगतेय ते ऐकूच येणार नाही.

तिसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. या रायफलीवरची दुर्बीण किंवा रेड डॉट नळीच्या सुमारे अडीच इंच वर असतो. पन्नास यार्डांवर नेम जुळवला की गोळी दोनशेच्या आसपास पुन्हा नेमाच्या रेषेत येते, म्हणून बरेच जण पन्नासवरच जुळवतात. पण घरात अंतर वीस फूट. तिथे गोळी ठिपक्याच्या दोन इंच खाली लागते. कागदावर दोन इंच काहीच नाही. ओलीस धरलेल्या माणसाच्या शेजारी दोन इंच सगळं काही आहे. हे रेंजवर सात यार्डांवर कागद लावून स्वतः बघितल्याशिवाय ज्याला रायफल 'घरासाठी' हवी आहे त्याने ती घरी आणू नये.

आणि दिवा. अंधारात आवाज आला म्हणून उठलेल्या बापाला समोर उभा माणूस चोर आहे की पाणी प्यायला उठलेला मुलगा, हे ओळखता आलं पाहिजे. रायफलीवरचा दिवा हवाच, पण ओळखण्यासाठी हातात वेगळी टॉर्च ठेवा. रायफलीच्या दिव्याने शोधायला गेलात तर ज्याच्याकडे बघाल त्याच्यावर नळी रोखलेली असते.

आता कुलूप. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे. पण मला कायद्यापेक्षा दुसऱ्या आकड्याची भीती वाटते. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांवर माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. घरात घुसलेल्या चोराच्या बातम्या आपण वाचतो, याच्या नाही. आपल्याकडे ग्रेडवरून, नोकरी जाण्यावरून, लग्न मोडण्यावरून घराघरात काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे आणि आपण ते मंडळात बोलत नाही हेही माहीत आहे. घरात कोणी खचलेलं असेल तर रायफल तिथे नको. नवी घेऊ नका, असलेली काही महिने घराबाहेर हलवा. काही दुकानं आणि रेंज ती ठेवून घेतात. माझी बायको या सगळ्याच्या विरोधात होती, आजही पूर्ण पटलेलं नाही. तिने एकच अट घातली: कपाटाचं कोड फक्त दोघांकडे, आणि मुलगा घरी सुट्टीला आला की बदलायचं. मी ती पाळतो. तिचं म्हणणं मला अजून एकदाही जास्तीचं वाटलेलं नाही.

मग खर्चाचं गणित बघा. रायफल साडेसातशे. साधा रेड डॉट दीड-दोनशे, दिवा सव्वाशे, पट्टा चाळीस, चार चांगल्या मॅगझीन साठ, कान-डोळ्यांचं संरक्षण साठ, भिंतीला बोल्ट करता येईल असं लोखंडी कपाट अडीचशे, प्रशिक्षकाकडे एक दिवस दोनशे, हजार काडतुसं साडेचारशे-पाचशे. भाव वरखाली होतात, पण बेरीज दोन हजारांच्या पुढे जाते. म्हणजे ज्याच्याकडे दोन हजार आहेत त्याने मधलीच रायफल घ्यावी. दोन हजारांची रायफल घेऊन ती गादीखाली ठेवणारे आणि वर्षात वीस गोळ्या झाडणारे दोघे माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्या रायफली सुंदर आहेत.

सरावाला मी अजून स्वस्त वाट सांगेन. याच कंपनीची एम अँड पी १५-२२ पॉइंट टू टूवर चालते. बटणं, दस्ता, मॅगझीन काढण्याची जागा तीच, धक्का नाही आणि काडतूस मोठ्याच्या पाव किमतीहून स्वस्त. नवीन माणसाने पहिले पाचशे बार यावर करावेत. घरी रिकाम्या रायफलीचा सराव करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत, चेंबर दोनदा तपासलेलं, समोर खरी भक्कम भिंत. दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा. रेंजवर महिन्यातून एकदा शंभर बार, तेही मोजून मापून: पाच गोळ्या, थांबा, कागद बघा. तीस गोळ्या सटासट झाडणाऱ्यांच्या व्हिडिओंना खूप लाइक मिळतात. नेम त्याने सुधारत नाही.

शेवटी भारतातून आणि इथूनही येणारा प्रश्न: परत जायचं ठरलं तर रायफल नेता येते का? नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली सामान्य नागरिकाला अशी सेमी-ऑटोमॅटिक रायफल परवान्यावर मिळत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावरच्या शस्त्रांची संख्याही तीनवरून दोनवर आली आहे. तेव्हा निघण्याच्या दोन-तीन महिने आधी परवानाधारक दुकानात विका आणि पावती जपून ठेवा. मित्राच्या गॅरेजमध्ये 'तात्पुरती' ठेवून जाऊ नका. तो मित्र एच-वन-बीवर असेल तर तुम्ही त्याचं आयुष्य अडचणीत टाकलं. चांगली राखलेली स्पोर्ट टू निम्म्याहून बऱ्या किमतीला जाते. मूळ डबा असेल तर अजून थोडी जास्त, म्हणून डबा फेकू नका.